मला गाणारा हवा

श्रोतेहो, नमस्कार.

१९७५ साली जमैकात 'मार्कस गार्वी' नावाची तबकडी निघाली. गाणारा बर्निंग स्पिअर, म्हणजे विन्स्टन रॉडनी. गाव सेंट ॲन्स बे. ज्या गार्वीचं, म्हणजे काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढलेल्या पुढाऱ्याचं, नाव तबकडीला दिलंय, तोही याच गावचा, जन्म १८८७चा. तिच्यातल्या एका गाण्यात रॉडनी विचारतो, गुलामीचे दिवस आठवतात का? मागचे दोघे झील धरतात. पण आपले झीलकरी 'जी जी' करत शाहिराला उचलून धरतात, तसं नाही. हे दोघे दिवसभर राबून आल्यासारखे गातात. आम्हाला मारलं, राबवलं, कामाचे होतो तोवर वापरलं, असं रॉडनी सांगत जातो आणि फिरून त्याच प्रश्नावर येतो. आठवा, आठवून बघा, अशी जवळजवळ विनवणीच करतो. आवाज काही गोड नाही, घोगराच आहे. पण तो प्रश्न आपल्यालाच विचारलाय असं वाटतं.

पुढच्याच वर्षी याच गाण्यांची डब तबकडी आली, म्हणजे गाणाऱ्याचा आवाज बहुतेक काढून टाकून वाद्यांवरच उभी केलेली, 'गार्वीज घोस्ट'. गार्वीचं भूत! नाव मात्र अगदी खरं ठेवलंय. बास गिटार आहे, ड्रम आहेत, ट्रम्पेटसारखी ब्रासची वाद्यं आहेत. गाणाऱ्याचा एखादा शब्द कुठूनतरी येतो, घुमतो आणि विरून जातो.

डबचा जन्म कसा झाला, तेही सांगतो. जमैकात छोट्या तबकडीच्या एका बाजूला गाणं असे आणि दुसऱ्या बाजूला त्याच गाण्याचा नुसता ठेका. त्याला तिथं 'व्हर्जन' म्हणतात. निर्मात्याचा दुसऱ्या गाण्याचा खर्च वाचायचा, आणि रस्त्यावरच्या साउंड सिस्टिमवाल्याला त्या ठेक्यावर माइकवरून बोलायला मोकळी जागा मिळायची. मग किंग टबी, म्हणजे ऑस्बोर्न रडॉक, या माणसानं मिक्सरचंच, म्हणजे ध्वनिमुद्रणातले आवाज कमी-जास्त करायच्या यंत्राचंच, वाद्य केलं. गाणाऱ्याचा आवाज काढून टाकायचा, बास वर आणायचा, गिटारचा एक झटका घेऊन तो घुमत सोडायचा. टबी मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. आम्ही रेडिओवाल्यांनी खरं तर त्याचीच बाजू घ्यायला हवी!

माझे एक शेजारी घेतातच. रविवारी त्यांच्याकडे डब सुरू झालं की आमच्या फळीवरचे स्टीलचे पेले किणकिणायला लागतात. ते म्हणतात, शब्द गेले की संगीत उरतं. मी म्हणतो, इथं शब्द गेले की प्रश्न जातो, आणि प्रश्नासाठीच तर गाणं केलं होतं. प्रेमाच्या गाण्यातून गाणारा काढला तर फारसं बिघडत नाही. जेकब मिलरचं 'बेबी आय लव्ह यू सो' घ्या. ऑगस्टस पाब्लोनं काढलेल्या त्या तबकडीच्या मागच्या बाजूला टबीचं डब आहे. आज लोक ते मागचंच आधी लावतात. मीसुद्धा लावतो, शेजाऱ्यांना सांगू नका.

पण गुलामीची आठवण करून देणारा माणूस मिक्सरवरची एक पट्टी खाली ओढून गप्प करायचा, हे मला जमत नाही. उरलेला बास कितीही देखणा असो. आणि तो देखणा आहेच, रॉबी शेक्सपिअर आणि ॲस्टन बॅरेट यांच्यासारखी माणसं तिथं वाजवतायत. मी तो बास मूळ गाण्यातच ऐकतो, रॉडनीच्या आवाजाखाली. तिथं त्याला काम आहे.

तर आधी रॉडनी ऐकू या. भूत नंतर, वेळ उरला तर.