साठच्या वेगाला जिप्सी का थरथरते?

(दृश्य: चंद्रपूरहून मोहर्लीकडे जाणारा ओला डांबरी रस्ता. उघड्या टपाची, मागे उंच सीटांची सफारी जिप्सी.)

जुलै लागला की ताडोबाच्या जंगलाचा कोअर, म्हणजे गाभ्याचा, भाग पर्यटकांसाठी बंद होतो, तो ऑक्टोबरातच उघडतो. भोवतालच्या बफरमध्ये थोडीफार धावपळ चालू राहते, पण सफारीच्या गाड्यांची मोठी कामं याच दिवसांत निघतात. हंगामभर माती, खड्डे आणि मागे बसलेल्या सहा माणसांचं वजन सोसलेली गाडी गॅरेजच्या तपासणीच्या खड्ड्यावर चढते आणि एकेक तक्रार बाहेर पडते.

या जिप्सीची तक्रार तिच्या चालकाच्याच शब्दांत ऐका.

(आवाज: चालक) "साठ झाली का सीटखालून झिणझिण्या येते मिस्त्री. सत्तरला जाते निघून. जंगलात काहीच नाही, डांबरीवर आली का सुरू."

तक्रार नीट सांगणारा चालक मिळाला की मिस्त्रीचं अर्धं काम तिथेच होतं. वेग कळला, जागा कळली, आणि पुढे जाऊन ती थरथर विरते हेही कळलं. तरी बहुतेक गॅरेजांत यापुढची गोष्ट ठरलेली असते. आधी चाकं बॅलन्स करा, मग क्रॉस (फिरत्या दांड्याच्या, म्हणजे शाफ्टच्या, टोकाचा सांधा) बदला, मग बेअरिंग, मग रबरं. त्यातलं काहीतरी लागू पडतं, पण तोवर बिल वाढलेलं असतं आणि नेमकं काय बिघडलं होतं ते कोणालाच कळलेलं नसतं. इथले मिस्त्री पान्याला हात लावायच्या आधी चालकाच्या शेजारी जाऊन बसले.

(दृश्य: गाडी रस्त्यावर. स्पीडोमीटरचा काटा साठवर.)

पहिली परीक्षा सोपी आहे. थरथर सुरू झाली की त्याच वेगाला गिअर न्यूट्रल करायचा आणि गाडी तशीच वाहू द्यायची. थरथर थांबली तर इंजिन, क्लच किंवा इंजिनाची रबरं तपासायची. राहिली तर दोष चाकांसोबत फिरणाऱ्या कशात तरी आहे. इथे ती राहिली. मग साठलाच पाचवा गिअर आणि साठलाच चौथा. इंजिनाचे फेरे बदलले, पण थरथर जशीच्या तशी. इंजिन निर्दोष सुटलं.

आता जिप्सीच्या पोटाखाली पाहू.

(दृश्य: खड्ड्यातून वर पाहणारा कॅमेरा.)

मारुतीने जिप्सी १९८५ मध्ये आणली आणि १९९६ मध्ये १.३ लिटरचं इंजिन बसवून तिला 'किंग' केलं. रचना मात्र तीच राहिली. बऱ्याच फोर बाय फोर गाड्यांत गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस (शक्ती पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी) एकमेकांना जोडूनच असतात. जिप्सीत ट्रान्स्फर केस वेगळी, रबरांवर टांगलेली. गिअरबॉक्सपासून तिच्यापर्यंत एक आखूड शाफ्ट येतो. तिच्यातून एक शाफ्ट मागच्या हाउसिंगला, म्हणजे दोन चाकांमधल्या दातेरी चक्रांच्या पेटीला, जातो आणि एक पुढच्या. म्हणजे शाफ्ट तीन, हाउसिंग दोन, शिवाय प्रत्येक शाफ्टचे क्रॉस आणि ती टांगलेली पेटी. थरथरीला राहायला जागाच जागा.

पण यातला प्रत्येक भाग आपापल्या वेगाने फिरतो, आणि तिथेच तो पकडला जातो. हिशेब तोंडी करता येतो. पंधरा इंची रिमवरच्या या टायरचा घेर साधारण २.१ मीटर. ताशी ६० किलोमीटरला गाडी सेकंदाला पावणेसतरा मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला आठ वेळा फिरतं. हाउसिंगचा रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे फेरे, चारच्या जवळपास, तेव्हा मागचा शाफ्ट फिरतो सेकंदाला सुमारे ३२ वेळा. जिप्सीची ट्रान्स्फर केस 'हाय'मध्येही, म्हणजे नेहमीच्या वेगाच्या रेंजमध्येही, एकास एक नसते, तिथे १.४ च्या आसपास रेशो आहे. त्यामुळे आखूड शाफ्ट सेकंदाला ४५ वेळा फिरतो.

सेकंदाला आठ ठोके मोजता येत नसले तरी अंगाला कळतात. स्टिअरिंग हलतं, सीट डुलते. बत्तीसचे ठोके वेगळे लागत नाहीत, ते एकसंध झिणझिण्या होऊन पायाखालून येतात. आणि हाउसिंगचे दात वाजू लागले की ते शेकड्यांत जातं, तो सरळ सूर ऐकू येतो. चालक 'झिणझिण्या' म्हणाला होता. हिशेबाने तो शाफ्टकडे बोट दाखवत होता.

तरीही चाकं आधी धुतली. जंगलाच्या वाटेवरचा चिखल रिमच्या आतल्या बाजूला बसतो आणि उन्हात विटेसारखा कडक होतो. रिमच्या कडेला पन्नास ग्रॅमचं ढेकूळ चिकटलं असेल, तर ८० च्या वेगाला ते चार किलोहून जास्त जोराने चाकाला बाहेर ओढतं, तेही सेकंदाला दहा वेळा. वेग दुप्पट झाला की ही ओढ चौपट होते. पाण्याचा पाइप आणि एक खरवडणी, खर्च एवढाच. या जिप्सीच्या उजव्या मागच्या चाकातून ओंजळभर माती निघाली. गाडी पुन्हा रस्त्यावर नेली तेव्हा सीटचं डुलणं गेलं होतं. ते आहे हे चालकाने सांगितलंही नव्हतं, त्याला सवय झाली होती. झिणझिण्या मात्र जिथल्या तिथे.

(दृश्य: पुढच्या चाकाचा हब. मिस्त्रीची बोटं खटका फिरवताना.)

फोर बाय फोर म्हटलं की लोकांना वाटतं, दुप्पट भाग म्हणजे शोधायची कटकटही दुप्पट. उलट आहे. या गाडीला शक्ती जायच्या दोन वाटा आहेत आणि त्यातली एक बंद करून बघता येते. साध्या मोटारीत ही सोय नाही.

पुढच्या चाकांना लॉकिंग हब आहेत. हब 'फ्री' असताना टू-व्हीलमध्ये गाडी पळाली तर पुढचा शाफ्ट आणि पुढची हाउसिंग फिरतच नाहीत. हब 'लॉक' केले आणि गाडी टू-व्हीललाच ठेवली, तर पुढची चाकं तो सगळा संच फुकट फिरवत राहतात. दोन्ही तऱ्हेने चालवून पाहायचं. हब लॉक केल्यावरच थरथर आली तर दोष पुढे. इथे हब फ्री असतानाच थरथर होती, म्हणजे पुढचा अर्धा भाग न उघडताच यादीतून गेला.

आता दुसरी वाट. मागच्या शाफ्टच्या दोन्ही टोकांना चार-चार बोल्ट. खोलण्याआधी फ्लँजवर (बोल्ट बसतात त्या चकतीवर) रंगाची खूण. आणि खूण करण्याच्याही आधी चाकांना पुढून-मागून दगड. शाफ्ट निघाला की गिअरमध्ये ठेवलेली गाडीसुद्धा मागच्या चाकांवर धरून राहत नाही. काही जुन्या फोर बाय फोर गाड्यांत तर हँडब्रेकच ट्रान्स्फर केसवर असतो, तिथे हँडब्रेक ओढूनही उपयोग नाही. खाली झोपलेल्या माणसाला हे आधी माहीत असलेलं बरं.

शाफ्ट बाजूला ठेवला, हब लॉक केले, लिव्हर फोर-हायला टाकला. आता जिप्सी फक्त पुढच्या चाकांवर चालते.

(दृश्य: गाडी रस्त्यावर, काटा साठवर. निवेदनात थोडा विराम.)

झिणझिण्या गेल्या. आखूड शाफ्ट फिरतोय, ट्रान्स्फर केस फिरतेय, मागची चाकं फिरतायत. नाही तो फक्त एक शाफ्ट.

आता क्रॉस बदलायचा मोह होतो. मिस्त्रींनी शाफ्ट हातात धरून पिळला, वर-खाली हलवला. क्रॉसमध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा, नाही. कपांच्या तोंडाशी लाल गंजाची भुकटी नाही, म्हणजे कपांतल्या बेअरिंगच्या सुया कोरड्या पडलेल्या नाहीत. क्रॉस गेलेला असता तर गाडी पुढून रिव्हर्सला टाकताना 'टक्' असा आवाजही आला असता. तो नव्हता.

मग एक जुना प्रश्न त्यांनी चालकाला पुन्हा विचारला.

(आवाज: मिस्त्री) "याच्या आधी खालचं कोणतं काम केलं होतं भाऊ?"
(आवाज: चालक) "पाटे काढले होते जी. मागे सवाऱ्या बसल्या का लय दबे, म्हणून एक पट्टी वाढवली."

पाटे म्हणजे गाडीचं वजन पेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा. त्या काढताना शाफ्ट काढला गेला, आणि मधल्या सरकत्या जोडातून त्याचे दोन तुकडे वेगळे झाले. पुन्हा जोडताना ते कुठल्याही दातावर बसतात. अडचण तिथेच आहे.

क्रॉस कोनात फिरतो तेव्हा तो फिरणं जसंच्या तसं पुढे देत नाही. एका फेऱ्यात शाफ्ट दोनदा किंचित पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस हीच चूक उलटी करून फेडतो. अट अशी की दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे काटे) एका रेषेत हवेत आणि दोन्हीकडचे कोन सारखे हवेत. योक एक-दोन दात चुकून बसले तर चूक फिटत नाही, उरते, आणि ती प्रत्येक फेऱ्यात दोनदा ठोका देते. ३२ चे दोन ठोके, ६४. गॅरेजमधल्या पोराने मोबाइलवर कंपनांचा आलेख काढणारं ॲप उघडून सीटखाली धरलं होतं. उंच टोक साठ आणि पासष्टच्या मध्ये. शाफ्ट नुसता अनबॅलन्स असता तर ते टोक तिसाच्या पुढेमागे दिसलं असतं.

(दृश्य: जमिनीवर ठेवलेला शाफ्ट. जोडाच्या दोन्ही बाजूंना पुसट झालेले बाण.)

शाफ्ट पुसल्यावर ठोकून काढलेले दोन बाण दिसले, आणि ते एकमेकांसमोर नव्हते. पट्टी वाढवल्याने गाडी मागून उंच झाली होती, त्यामुळे शाफ्टचा कोनही वाढला होता. कोन वाढला की ही चूक नुसती वाढत नाही, वर्गाने वाढते. जुन्या पाट्यांवर कदाचित कोणाला कळलीही नसती. आणि सत्तरला ती विरते, कारण साठच्या आसपास शाफ्टचे ठोके आणि गाडीच्या खालच्या भागाची स्वतःची लय जुळते. पुढे ती सुटते. दोष संपत नाही, नुसता ऐकू येत नाही. लिफ्ट किट लावणाऱ्या हौशी मंडळींनी हे ऐकून ठेवावं, उंच गाडीचा फोटो छान येतो, पण हाउसिंगचा कोन कोणी मोजत नाही.

जोड सोडवला, बाण समोरासमोर आणले, क्रॉसमध्ये ग्रीस भरलं. चारही कपांतून नवं ग्रीस डोकावेपर्यंत गन सोडायची नाही. एकाच कपातून आलं म्हणजे बाकीचे तीन उपाशी आहेत.

या गाडीत नसलेल्या दोन गोष्टी थोडक्यात, कारण तक्रारीत त्या सारख्या मिसळतात. खड्डा लागल्यावर स्टिअरिंग डाव्या-उजव्या बाजूला जोरात फडफडत असेल, तर शाफ्टच्या नादी लागू नका. पुढचं चाक ज्यावर वळतं त्या किंगपिनची बेअरिंगं सैल झालीत का, चाकांना स्टिअरिंगशी जोडणाऱ्या टाय रॉडच्या टोकांत प्ले आहे का, ते पाहा. स्टिअरिंग डॅम्पर नवा टाकला की फडफड काही दिवस दबते, बरी होत नाही. आणि कोरड्या डांबरीवर फोर-व्हील लावून वळताना गाडी अडखळत असेल, तर तो बिघाडच नाही. पुढच्या-मागच्या चाकांच्या फेऱ्यांत फरक पडू देणारं डिफरन्शियल मध्ये नसल्याने पुढची आणि मागची चाकं एकमेकांना ओढतात. लिव्हर टू-व्हीलला आणायचा.

(दृश्य: संध्याकाळची शेवटची फेरी.)

साठला सीट शांत. पण आता, थरथर गेल्यावर, एक बारीक घुमणं ऐकू येऊ लागलं. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की येतं, दाबला की जातं. डावीकडे-उजवीकडे झोल देऊन पाहिलं, वजन या चाकावरून त्या चाकावर गेलं तरी सूर बदलला नाही, म्हणजे चाकाचं बेअरिंग नाही. सिमेंटच्या पट्ट्यावरही तोच सूर, म्हणजे टायर नाहीत. मागची हाउसिंग.

तिचं ऑइल काढलं. काळं, पातळ झालेलं. ड्रेन प्लगच्या चुंबकावर करडा लेप होता, बोटांनी चोळला तर मऊ, खडा लागला नाही. पिनियनचा (शाफ्टने फिरणाऱ्या आतल्या दातेरी चक्राचा) फ्लँज हाताने ओढून पाहिला, हलला नाही.

(आवाज: मिस्त्री) "तुकडे सापडते तर उघडली असती. नवीन ऑइल टाकतो. गेट उघडायच्या आधी एकदा आणजो, प्लग पुन्हा काढून पाहू."