काउंट नॉर्मल आले, पुढं काय?

मंडळी, हाडातला मॅरो (रक्त बनवणारा मगज) रक्त बनवणं जवळपास थांबवतो त्या आजाराचं, म्हणजे सिव्हिअर अप्लास्टिक अ‍ॅनिमियाचं ट्रान्सप्लांट झालं, म्हणजे डोनरच्या रक्त बनवणाऱ्या पेशी दिल्या, काउंट (रक्तातल्या पेशींचे आकडे) वर आले, सुटी झाली की घरचे म्हणतात, झालं बाप्पा, सुटलो. तसं म्हणायला जागाही आहे, कारण सख्ख्या भाऊ-बहिणीचा पूर्ण मॅच असेल आणि पेशंट तरुण असेल तर आज दहापैकी आठ-नऊ जण पुढं वर्षानुवर्षं जगतात. पण मला आज बोलायचंय ते पाच वर्षांनंतरचं, दहा वर्षांनंतरचं, कारण आपल्याकडं काउंट नॉर्मल आले की लोक फॉलोअपला येणंच बंद करतात.

आधी लोह घ्या. रक्ताच्या एका पिशवीत साधारण 200 ते 250 मिलिग्रॅम लोह असतं आणि शरीर दिवसाला जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम बाहेर टाकतं, म्हणजे ट्रान्सप्लांटच्या आधी चाळीस पिशव्या लागल्या असतील तर आठ-दहा ग्रॅम लोह आत साचलं, आणि निरोगी माणसाच्या अख्ख्या शरीरात असतं तीन-चार ग्रॅम. ते लिव्हरमध्ये, हार्टमध्ये जाऊन बसतं, बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून फेरिटिन (शरीरात लोह किती साठलंय ते सांगणारी रक्ततपासणी) तपासत राहायचं, जास्त निघालं तर गोळ्या देतात, किंवा हिमोग्लोबिन चांगलं असलं की थोडं थोडं रक्त काढून लोह कमी करतात.

दुसरं, क्रॉनिक जीव्हीएचडी, म्हणजे डोनरच्या पेशी पेशंटच्याच अंगावर उठतात. तोंड कोरडं पडतं, तिखट लागलं की आग होते, गालाच्या आत पांढऱ्या रेषा दिसतात, डोळे चुरचुरतात. पुढचं आयुष्य कसं जाईल हे बरंचसं यावरच ठरतं, म्हणूनच या आजारात डोनरच्या हाताच्या शिरेतल्या रक्तातून काढलेल्या स्टेम सेलपेक्षा (रक्त बनवणाऱ्या पेशी) कमरेच्या हाडातला मॅरो पसंत करतात, त्यात हा त्रास कमी होतो.

आणि आता नागपूरकरांना मुद्दाम सांगतो, खर्रा. असं तोंड झालेल्या माणसाला तोंडाच्या कॅन्सरचा धोका आधीच जास्त असतो, आणि तो पोरगा बरा झाल्यावर पानठेल्यावर उभा राहून सुपारी-तंबाखू घोटून घेतो, मला खरंच बघवत नाही हो. ज्यांना मुळात मॅरो बिघडवणारा जन्मजात आजार, फॅन्कोनी अ‍ॅनिमिया आहे त्यांना तर हा धोका कितीतरी जास्त. दर सहा महिन्यांनी डेंटिस्टला तोंड दाखवा. आपल्या मे महिन्याच्या उन्हात पूर्ण बाह्या, टोपी, सनस्क्रीन, कारण उन्हानं स्किनचा जीव्हीएचडी उसळतो. स्टेरॉइड बरेच दिवस चालले असतील आणि जांघेत दुखत असेल तर अंगावर काढू नका, खुब्याचा एमआरआय करा. लहानपणीच्या लशी परत घ्याव्या लागतात, गोवरासारख्या जिवंत लशी मात्र दोन वर्षांनंतर आणि इम्युनिटी दाबायची औषधं बंद झाल्यावरच.

लग्नाचं लोक हळूच कानात विचारतात, मोठ्यानं विचारा ना! ट्रान्सप्लांटच्या तयारीत रेडिएशन न देता फक्त सायक्लोफॉस्फामाइड (कीमोचं औषध) आणि एटीजी (इम्युनिटी दाबायचं औषध) दिलं असेल तर पुष्कळ मुलींची पाळी परत सुरू होते, मुलंही होतात. रेडिएशन झालं असेल तर अवघड. म्हणून मूल हवंय का ही गोष्ट ट्रान्सप्लांटच्या आधीच डॉक्टरांशी बोला, मुलांचं स्पर्म कीमोच्या आधीच साठवून ठेवता येतं, मुलींचं प्लेटलेट कमी असल्यानं तेवढं सोपं नसतं, पण विचारा तरी.