ब्लँचरच्या पलीकडची ओल

(दृश्य: नाशिकजवळचा गोठवलेल्या भाज्यांचा कारखाना. पहाट. स्वीटकॉर्नच्या कणसांची ट्रॉली रिकामी होते आहे.)

मळ्यातून आलेल्या कणसाला माती लागलेली असते आणि मातीत लिस्टेरिया हा अन्नातून आजार पसरवणारा जिवाणू सापडू शकतो. खरी काळजी तिथे नाही. सोललेले दाणे ब्लँचर नावाच्या यंत्रात ९५ अंशांच्या पाण्यात दोन-तीन मिनिटं ब्लँच होतात, म्हणजे उकळत्यासारख्या पाण्यातून काढले जातात. दाण्याच्या गाभ्याला ७० अंश दोन मिनिटं मिळाले तरी हा जिवाणू मरतो.

मग गोठवलेल्या मक्यात तो शिरतो कुठून? ब्लँचरच्या पलीकडून.

तिथून फ्रीजरपर्यंत दाणे गार पाण्यातून, हलत्या जाळीवरून, पट्ट्यावरून जातात. सगळा भाग ओला आणि थंड. या थंडाव्यात इतर बरेच जिवाणू थबकतात. लिस्टेरिया मोनोसायटोजिनिस मात्र ४ अंशांतही सावकाश वाढत राहतो. उणे १८ अंशांत वाढ थांबते, पण तो मरत नाही.

(दृश्य: पट्ट्याखालचा रोलर, अगदी जवळून. टोकाशी वेल्डिंगची चीर.)

हा रोलर आतून पोकळ आहे. केसाएवढ्या चिरेतून धुण्याचं पाणी आत जातं, सोबत मक्याचा स्टार्च. पट्टा सुरू झाला की तेच पाणी थेंबाथेंबानं बाहेर येतं. वरून कितीही फेस मारा, आत औषध पोचत नाही. चीर सिलिकॉननं बुजवली तर काही दिवसांत ते सुटतं आणि त्याखाली नवी ओल धरते. रोलर भरीव बसवणं, हाच उपाय.

(दृश्य: रात्रपाळीची धुलाई.)

आधी कोरडा कचरा उचलायचा. मग कमी दाबाचं पाणी, अल्कलीचा फेस दहा मिनिटं, आणि तो वाळायच्या आत ब्रशनं घासणं. घासणं टाळलं तर जिवाणूंचा चिकट थर, म्हणजे बायोफिल्म, जागचा हलत नाही. पुन्हा धुऊन मगच सॅनिटायझर. खरकटं उरलं असेल तर औषध त्यातच खर्ची पडतं. ड्रेनवर जोरदार पाइप कधीही मारू नये. उडालेले तुषार थेट पट्ट्यावर बसतात. ड्रेनचा ब्रश वेगळ्या रंगाचा, आणि तो ड्रेनपुरताच.

आता स्वॅब, म्हणजे जागा पुसून तपासणीसाठी घेतलेला नमुना. नुकत्याच धुतलेल्या यंत्राचा स्वॅब घेऊन ‘निगेटिव्ह’ रिपोर्ट फाइलला लावणं, ही आपली सर्वात महागात पडणारी सवय. काम सुरू होऊन किमान दोन तास झाले, यंत्राच्या हादऱ्यानं फटीतलं पाणी बाहेर आलं, की मग स्पंज फिरवायचा. स्पंज न्यूट्रलायझिंग द्रवात भिजवलेला हवा, नाहीतर उरलेलं सॅनिटायझर नमुन्यातला जिवाणू मारून टाकतं आणि रिपोर्ट खोटा दिलासा देतो. ड्रेन, पट्ट्याची खालची बाजू, फ्रीजरच्या तोंडाशी गळणारं दव या जागा आधी.

(दृश्य: प्रयोगशाळा. अलोआ आगरची, म्हणजे लिस्टेरिया वाढवून ओळखायच्या माध्यमाची प्लेट.)

निळसर-हिरवा ठिपका, भोवती दुधी वलय. हा संशयित, खात्रीची चाचणी यानंतर होते. जनुकक्रम वाचला की आणखी एक गोष्ट कळते: जिवाणू आज नवा आला की मागच्या हंगामापासून इथेच मुक्कामाला आहे.

युरोपात हेच घडलं. २०१५ पासून पाच देशांत विखुरलेले लिस्टेरियाचे रुग्ण जनुकक्रमामुळे एका धाग्यात आले. धागा हंगेरीतल्या एका कारखान्याच्या गोठवलेल्या मक्यापर्यंत पोचला. धुलाई होत असूनही तोच वाण तिथे २०१६, २०१७ आणि २०१८ मध्ये सापडला. जुलै २०१८ पर्यंत ४७ रुग्ण, ९ मृत्यू.

म्हणून ड्रेनमध्ये पॉझिटिव्ह सापडलं तर ते लपवणाऱ्या सुपरवायझरपेक्षा शोधून काढणाऱ्या मुलीला शाबासकी द्या. तिथून पट्ट्याच्या दिशेनं एकेक जागा तपासत जायचं, यंत्र खोलायचं, आणि सलग स्वॅब स्वच्छ येईपर्यंत थांबायचं नाही.

(दृश्य: घरचं स्वयंपाकघर.)

पाकिटातले दाणे नुसते वितळवून भेळेत किंवा कोशिंबिरीत घालू नका. वाफ येईपर्यंत नीट शिजवा. घरात गरोदर बाई किंवा वयस्कर माणूस असेल तर नक्कीच. गर्भारपणात आईला साधा ताप येतो, आणि गर्भ मात्र दगावू शकतो.