नदीकाठचे २६ मैल : लंडन मॅरेथॉनच्या सुरुवातीची हकिगत

सन्माननीय अध्यक्ष, कार्यकारिणीचे सदस्य आणि सभासद बंधुभगिनींनो,

आपल्यापैकी काही जण लंडन मॅरेथॉन धावले आहेत, तर बऱ्याच जणांनी ग्रीनिचच्या कटी सार्क या जुन्या शिडाच्या जहाजापाशी किंवा टॉवर ब्रिजवर उभे राहून अनोळखी धावपटूंना त्यांच्या बनियनवरचे नाव वाचून हाका मारल्या आहेत. या शर्यतीची सुरुवात कशी झाली, हे सांगण्याची संधी मंडळाने मला दिली, याबद्दल मी मनापासून आभारी आहे. ही शर्यत सुचली धावपटूंना. पण ती प्रत्यक्षात आली ती परवानग्या, हिशेब आणि एक विचारपूर्वक आखलेला नकाशा यांच्या बळावर. या इतिहासातला हाच भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो आणि त्याच्याविषयीच फार थोडे बोलले जाते.

मॅरेथॉनचे आजचे अंतर मुळात लंडनचेच आहे. १९०८ च्या ऑलिम्पिकमध्ये विंडसर कॅसलपासून व्हाइट सिटीच्या स्टेडियमपर्यंत जो मार्ग धरला गेला, तो २६ मैल ३८५ यार्डांचा होता आणि पुढे १९२१ मध्ये तेच अंतर जगभरासाठी प्रमाण ठरले. १९०९ पासून विंडसरहून पॉलिटेक्निक मॅरेथॉनही होत असे. मात्र ती क्लबांच्या सराईत धावपटूंची शर्यत होती. ज्याने आयुष्यात कधी स्पर्धेचा क्रमांक छातीवर लावलेला नाही, अशा माणसाने राजधानीच्या रस्त्यांवरून मॅरेथॉन धावावी, ही कल्पना १९७० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत इथे कोणाच्या मनात रुजलेली नव्हती.

ती आली न्यू यॉर्कहून. तिथली मॅरेथॉन १९७० मध्ये सेंट्रल पार्कमध्ये सुरू झाली तेव्हा १२७ जण निघाले होते आणि ५५ जण शेवटपर्यंत पोहोचले होते. १९७६ मध्ये ती उद्यानाबाहेर पडून शहराच्या पाचही विभागांतून जाऊ लागली आणि तिचे रूपच पालटले. इकडे रिचमंडजवळच्या पीटरशॅम गावात डायसार्ट आर्म्स नावाच्या पबमध्ये रॅनेला हॅरिअर्स या क्लबची मंडळी सराव आटोपून बसत, तेव्हा न्यू यॉर्कला धावून आलेल्यांच्या तोंडी त्या गर्दीच्या गोष्टी असत. त्या ऐकणाऱ्यांत ख्रिस ब्रॅशर आणि जॉन डिस्ली होते. १९७९ च्या ऑक्टोबरमध्ये दोघेही न्यू यॉर्कला जाऊन धावले. परतल्यावर ब्रॅशर यांनी ‘ऑब्झर्व्हर’ या साप्ताहिकात लेख लिहिला. ४० देशांतले ११,५३२ स्त्री-पुरुष धावतात आणि अडचणींनी गांजलेले एक शहर त्यांच्यासाठी रस्त्यावर येऊन दिवसभर हसते, ओरडते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. लंडनला असा उत्सव भरवता येईल का, असा प्रश्न त्यांनी वाचकांपुढे ठेवला.

या दोघांविषयी थोडे सांगायला हवे, कारण शर्यतीचा स्वभाव त्यांच्याकडून आलेला आहे. दोघेही स्टीपलचेसचे, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावण्याच्या शर्यतीचे, धावपटू होते. डिस्ली यांनी १९५२ मध्ये हेलसिंकीच्या ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवले. ब्रॅशर यांनी १९५४ मध्ये ऑक्सफर्डला रॉजर बॅनिस्टर यांच्यासाठी पहिल्या दोन फेऱ्या वेग राखला होता आणि त्याच शर्यतीत बॅनिस्टर यांनी चार मिनिटांच्या आत मैल पूर्ण केला. १९५६ मध्ये मेलबर्नच्या ऑलिम्पिकमध्ये ब्रॅशर सर्वांत आधी पोहोचले, पण दुसऱ्या धावपटूला अडथळा केल्याच्या कारणावरून त्यांना बाद ठरवण्यात आले. त्यांनी दाद मागितली आणि ज्यांना त्यांच्या बाद होण्याचा फायदा मिळणार होता, त्या प्रतिस्पर्ध्यांनीच त्यांची बाजू घेतली. सुवर्णपदक त्यांना परत मिळाले. असा अनुभव गाठीशी असलेला माणूस शर्यतीकडे केवळ जिंकण्या-हरण्याच्या नजरेने पाहत नसणार, असे मला नेहमी वाटत आले आहे.

यानंतरचा भाग कागदपत्रांचा आहे. आपल्या मंडळाच्या कार्यक्रमांसाठी ज्यांनी कौन्सिलचे अर्ज भरले आहेत, पोलिसांची पत्रे सांभाळली आहेत आणि विम्याचे कागद जमवले आहेत, त्यांना तो मुद्दाम ऐकावासा वाटेल. १९८० च्या सुरुवातीला ‘ऑब्झर्व्हर’चे संपादक डोनाल्ड ट्रेलफर्ड यांनी दुपारच्या भोजनाला पोलीस, शहराचा कारभार पाहणारे ग्रेटर लंडन कौन्सिल, मध्यवर्ती जुन्या भागाची सिटी ऑफ लंडन ही संस्था, पर्यटन मंडळ आणि अॅथलेटिक्स संघटना यांच्या प्रतिनिधींना ब्रॅशर आणि डिस्ली यांच्याबरोबर एकत्र बसवले. माझ्या मते लंडन मॅरेथॉनची खरी सुरुवात त्या टेबलापाशी झाली. ज्यांच्यापैकी एकाने जरी होकार दिला नसता, तरी सगळे तिथेच थांबले असते, ते सारे एका खोलीत होते. कौन्सिलचे प्रमुख सर होरेस कटलर यांनी पाठिंबा दिला, पण अट घातली : करदात्यांच्या खिशातून या कामासाठी एक पेनीही मागायची नाही. ब्रॅशर यांनी अमेरिकेला पुन्हा जाऊन मोठ्या शर्यतींचे नियोजन आणि आर्थिक बाजू समजून घेतली, जिलेट कंपनीचे प्रायोजकत्व मिळवले आणि आयोजनाला धर्मादाय संस्थेचे स्वरूप दिले.

त्याच वेळी त्यांनी सहा उद्दिष्टे लिहून काढली. ब्रिटिश मॅरेथॉनचा दर्जा वाढवणे, लंडनच्या पर्यटनाला हातभार लावणे, मोठ्या कार्यक्रमाच्या आयोजनात ब्रिटन अव्वल आहे हे दाखवणे, शहरातील क्रीडासोयींसाठी पैसा उभारणे, ही त्यांतली व्यवहाराची कलमे होती. पण माणसे कधीतरी एक होऊ शकतात हे मानवजातीला दाखवून द्यावे आणि अस्वस्थ जगात थोडा आनंद, काही तरी साध्य केल्याचे थोडे समाधान द्यावे, हेही त्यांनी त्याच यादीत, त्याच गांभीर्याने लिहिले होते. कामकाजाच्या कागदावर असे वाक्य लिहिण्याचे धैर्य मला विलक्षण वाटते.

मार्ग डिस्ली यांनी आखला. नकाशा आणि होकायंत्र घेऊन रानोमाळ धावण्याचा ओरिएंटियरिंग हा खेळ ब्रिटनमध्ये रुजवण्यात या दोघांचा मोठा वाटा होता, त्यामुळे नकाशावर त्यांचा हात बसलेला होता. ग्रीनिचहून निघायचे, थेम्सच्या काठाकाठाने जायचे, नदी टॉवर ब्रिजवर एकदाच ओलांडायची आणि बकिंगहॅम पॅलेसजवळ कॉन्स्टिट्यूशन हिलवर थांबायचे. आज आपल्यातले कितीतरी जण कॅनरी वॉर्फच्या उंच इमारतींत नोकरीला जातात. मार्गातल्या त्या भागात तेव्हा ओस पडलेल्या गोद्या होत्या.

२९ मार्च १९८१, रविवार. सकाळ पावसाची होती. २० हजारांहून अधिक लोकांनी धावण्याची इच्छा दर्शवली होती, त्यांतल्या ७,७४७ जणांना प्रवेश मिळाला. अखेरच्या टप्प्यात अमेरिकेचा डिक बिअर्डस्ली आणि नॉर्वेचा इंगे सिमोन्सन हे दोघे बरोबरीने पुढे होते. ओल्या रस्त्यावर, कोणीही मागे नाही आणि कोणीही पुढे नाही, अशा अवस्थेत त्यांनी एकमेकांचे हात धरले आणि अंतिम रेषा एकत्र ओलांडली. दोघांची वेळ एकच नोंदली गेली : २ तास ११ मिनिटे ४८ सेकंद. वर्षभरापूर्वी कागदावर लिहिलेले उद्दिष्ट पहिल्याच शर्यतीत रस्त्यावर उतरले होते.

महिलांमध्ये जॉइस स्मिथ पहिल्या आल्या. त्यांचे वय तेव्हा ४३ होते, त्या दोन मुलांच्या आई होत्या आणि २ तास २९ मिनिटे ५७ सेकंद हा त्यांनी केलेला ब्रिटिश विक्रम होता. ऑलिम्पिकमध्ये महिलांची मॅरेथॉन घेण्याचा निर्णय जेमतेम महिनाभर आधी झाला होता. १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला ती पहिल्यांदा झाली, तेव्हा ४६ वर्षांच्या जॉइस स्मिथ अकराव्या आल्या. ज्या भगिनी आता आपले वय झाले असे म्हणतात, त्यांच्यासाठी हा तपशील मी राखून ठेवला होता.

त्या दिवशी ६,२५५ जणांनी शर्यत पूर्ण केली. बीबीसीने ती दाखवली आणि घरी बसून पाहणाऱ्यांना पडद्यावर विजेत्यांइतकेच शेजारपाजारच्यासारखे दिसणारे लोक दिसले. बेकारीने ग्रासलेला तो काळ होता. शर्यतीनंतर दोन आठवड्यांत दक्षिण लंडनच्या ब्रिक्स्टनमध्ये दंगल उसळली. तरीही पुढच्या वर्षासाठी ९० हजारांहून अधिक अर्ज आले आणि १८,०५९ जणांना प्रवेश देण्यात आला. १९८३ पासून व्हीलचेअरची शर्यतही सुरू झाली.

कटलर यांच्या अटीची आठवण मात्र मला सर्वांत शेवटी करावीशी वाटते. शर्यतीने कौन्सिलकडे पैसे मागितले नाहीत. उलट खर्च भागून जे उरेल ते लंडनमधील खेळांच्या सोयींना द्यायचे, यासाठी १९८१ मध्येच ट्रस्ट स्थापन झाला. ज्या कौन्सिलने ती अट घातली, ते ग्रेटर लंडन कौन्सिल १९८६ मध्ये बरखास्त झाले. ट्रस्ट त्यानंतरही चालूच राहिला आणि शर्यतीचे पैसे मैदानांना आणि धावण्याच्या ट्रॅकना मिळत राहिले.