‘मशीन लाई द्या’ म्हणण्याआधी

आवाज येतोय का मागे? बरं. ते पंख्याखाली बसलेले आबा आहेत ना, त्यांनी जरा पुढे यावं, खुर्ची घेऊन या, नंतर मला तुम्ही आणि खुर्ची दोन्ही लागणार आहात.

मी अमळनेरला फिजिओथेरपी करते, अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत सगळ्यात जास्त काय ऐकलं असेल तर, "मॅडम, मनी कंबर भलती दुखी ऱ्हायनी, मशीन लाई द्या," म्हणजे माझी कंबर फार दुखतेय, मशीन लावून द्या. मग पॅड चिकटवायचे, मुंग्या येतात, वीस मिनिटं पडून राहायचं, बरं वाटतं, घरी. असे दहा दिवस. अकराव्या दिवशी कापूस वेचायला गेलं की संध्याकाळी कंबर पुन्हा धरलेली, आणि मग म्हणतात मशीन पावरफुल नव्हतं. मे महिन्यात बाहेर 45 डिग्री असताना शेक द्या म्हणणारे पण येतात, त्यांना काय बोलायचं.

मशीनला मी शिव्या देत नाहीये हां, माझ्याकडे पण आहे. ते काय करतं ते सांगते. घरात शिरताना चौकट डोक्याला लागली की तुम्ही पहिलं काय करता? चोळता. कुणी शिकवलं नाही, लहान पोर पण चोळतं. मेलझॅक आणि वॉल नावाच्या दोघांनी 1965 मध्ये याचं कारण मांडलं, की पाठीच्या कण्यात दुखण्याच्या निरोपासाठी एक फाटक आहे, आणि चोळल्याचा, स्पर्शाचा निरोप आधी पोचला की ते फाटक थोडं बंद होतं. त्या मुंग्यांचं मशीन साधारण तेच करतं, चोळतं. आता चोळून डोकं शांत होतं पण चौकट काही वर सरकत नाही ना! डिसेंबर 2023 ला जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीसाठी सूचना काढल्या, जुनाट म्हणजे तीन महिन्यांच्या वरची, त्यात व्यायाम करा म्हटलंय, पेशंटला नीट समजावून सांगा म्हटलंय, आणि मुंग्यांचं मशीन, अल्ट्रासाउंड, वजन लावून ओढणं, कंबरेचा पट्टा, हे नेहमीचा उपचार म्हणून देऊ नका असं आहे. मी वाचलं तेव्हा माझ्या क्लिनिकमधलं निम्मं सामान त्या यादीत निघालं.

आता माझी एक चूक सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं तुम्हाला पटणार नाही. नवीन नवीन होते, एक मावशी आल्या, हातात एमआरआयची मोठी पिशवी, मी रिपोर्ट वाचला आणि डॉक्टरीच्या तोऱ्यात सांगून टाकलं, मावशी तुमच्या मणक्यात झीज आहे, गादी सरकलीय, आता वाकायचं नाही. दोन वर्षांनी भेटल्या. दोन वर्षं त्या बाई खरंच वाकल्या नव्हत्या. पट्टा रात्रीसुद्धा, भाकरी उभ्याने, नातू उचलला नाही. आणि कंबर? आधीपेक्षा जास्त दुखत होती, पाठीचे स्नायू लाकडासारखे कडक आणि तरी ताकद काहीच नाही. औषध चुकलं नव्हतं, माझं वाक्य चुकलं होतं.

कारण त्या रिपोर्टचं खरं असं आहे की 2015 मध्ये काही संशोधकांनी जुने अभ्यास एकत्र केले, तीन हजारांवर माणसं, आणि अट काय तर यातल्या कुणालाच कंबरदुखी नाही. पन्नाशीच्या लोकांमध्ये 80 टक्क्यांना गादीची झीज दिसली, 60 टक्क्यांची गादी फुगलेली, आणि हे सगळे मजेत. विशीतल्या पोरांमध्येसुद्धा 37 टक्के झीज! इथे बसलेल्या निम्म्यांचे केस पांढरे आहेत, म्हणून डोकं दुखतंय का? झीज दिसणं आणि दुखणं या दोन गोष्टी वेगळ्या, कधी जोडीने येतात, पुष्कळदा येत नाहीत.

सगळंच सोडून द्या असंही नाही म्हणत मी. लघवी-संडासवरचा ताबा गेला, बसायच्या जागेला बधिरपणा आला, पाऊल उचलत नाही, चप्पल पायातून निसटतेय, पडल्यानंतरचं दुखणं आहे, ताप आहे, वजन उगीच उतरतंय, तर माझ्याकडे पण येऊ नका, सरळ मोठ्या दवाखान्यात जा, त्याच दिवशी.

बाकी साध्या कंबरदुखीत दोन दिवस जपा, मग हळूहळू कामाला लागा. बहुतेकांचं काही आठवड्यांत उतरतं. पंधरा दिवस खाटेवर झोपून राहिलेला माणूस उठतो तेव्हा कंबर दुखतेच आणि पाय पण थरथरतात.

पण ताई म्हणतील, आम्हाला कोण झोपू देतंय, वेचणी किलोवर आहे. बरोबर आहे. म्हणून वेचणीचंच बघू. ओटी पुढे बांधता, ती भरत जाते तशी वजन पोटापुढे लोंबतं, त्यात खालच्या फांदीची बोंडं काढायला वाकलेलं, म्हणजे कंबर तुमचं अंग पण धरतेय आणि कापूस पण. ओटी गच्च भरेपर्यंत थांबू नका, अर्धी झाली की गाठोड्यात टाका, तेवढंच उठणं-चालणं होतं. मुकादम ओरडेल, ओरडू द्या, एका दिवसात किती फरक पडतो ते संध्याकाळी काट्यावर बघा. आणि तासाभराने सरळ उभं राहून हात कंबरेवर ठेवून मागे झुकायचं, पाच वेळा, एवढंच. वाकू नका असं मी आता कुणाला म्हणत नाही. वाकायला कंबर तयार करा म्हणते.

आबा, आता तुम्ही. गुडघा दुखतो ना? बसा खुर्चीवर, थोडं पुढे सरका, पाय जवळ घ्या, हात छातीवर... नाही, खुर्चीला धरायचं नाही, बघा लगेच हात गेला! हात न लावता उठा. आता बसताना धपकन नको, सावकाश, तीन आकडे मोजत. हां! कसं वाटलं? मांडी भरून आली? हेच पाहिजे. गुडघ्याचं ओझं मांडीने उचलायचं असतं, मांडी सुकली की सगळं सांध्यावर येतं. असं दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. जमत नसेल तर खुर्चीवर उशी टाका, उंच होते, सोपं जातं.

थोडं दुखेल. शून्य ते दहा अशा मापात चारपर्यंत दुखलं तरी चालेल, दुसऱ्या दिवशी सकाळी होतं तिथे आलं पाहिजे. नाही आलं तर उठबस दहा वेळांऐवजी सहा वेळा करा, बंद करू नका. लोक इथेच घोळ करतात, पहिल्या दिवशी उत्साहात पन्नास मारतात, दुसऱ्या दिवशी उठवत नाही, मग म्हणतात व्यायामाने वाढलं. ताकद यायला सहा-आठ आठवडे लागतात, कपाशीला पण आठवड्यात बोंड लागत नाही. आणि वजन, मी नाव घेत नाही कुणाचं, पण एक किलो उतरलं की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचं ओझं साधारण चार किलोने कमी होतं, हे 2005 मध्ये मोजून बघितलेलं आहे.

खांदा आखडलाय, हात मागे जात नाही, असं कोण कोण आहे? तुम्हाला शुगर आहे का? आहे ना. आखडलेला खांदा शुगरवाल्यांत जास्त दिसतो, त्याला महिने जातात, त्याचं वेगळं बसून बोलू.

काय म्हणता आबा? वांगं? भरीत वातूळ असतं, गुडघ्याला बंद करू का? अहो नाही हो, जळगावचा माणूस आणि भरीत बंद! वांग्याने गुडघा दुखतो म्हणून मी तरी कुणाचं बंद केलेलं नाही. पण भरीत करता कसं? पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, पेटवून त्यापुढे उकिडवं, एक एक वांगं फिरवत तासभर, मग बडगीत, त्या भरीत कुटायच्या लाकडी भांड्यात, कुटायला पुन्हा खाली, पंचवीस माणसांची पार्टी असेल तर दोन तास. उठताना गुडघा कडकड वाजतो आणि नाव वांग्याचं. चार विटा रचून त्यावर भाजा, बडगी ओट्यावर घ्या, आणि कुटायला पोरांना लावा, ती नुसती मोबाईल घेऊन बसलेली असतात.