सळई कुठे अडते?

(दृश्य : पहाट, एकलहऱ्याच्या चिमण्या)

नाशिकरोडकडून येताना एकलहऱ्याच्या औष्णिक वीजकेंद्राच्या चिमण्या लांबूनच दिसतात. काँक्रीटचा दूरसंचार टॉवर याच घराण्यातला. आतून पोकळ, खाली रुंद, वर निमुळता. चिमणी वाऱ्यात थोडी झुलली तर धुराचं काय बिघडतं? मोठ्या मायक्रोवेव्ह डिशचा झोत मात्र जेमतेम एखाद अंश रुंद असतो. टॉवर फार डोलला की समोरचं स्टेशन हुकतं. म्हणून जड, ताठ काँक्रीट. श्टुटगार्टचा टीव्ही टॉवर, 1956 सालचा, या प्रकारातला पहिला.

(दृश्य : चढता साचा, जॅक)

टॉवर कितीही उंच असो, स्लिपफॉर्मचा, म्हणजे सरकत वर चढणारा, साचा साधारण सव्वा मीटर उंचीचाच. तो खोलून पुन्हा बांधत नाहीत. हायड्रॉलिक जॅक रॉडला धरून एका झटक्यात सुमारे 25 मिलिमीटर वर सरकतात, तेही रात्रंदिवस. तासाला 20 सेंटिमीटर वेग धरला, तर काँक्रीट साच्यात राहतं सहा तास. सगळी कसरत या सहा तासांची.

(दृश्य : जवळून, काँक्रीटमध्ये सळई)

मिस्त्री वरून सळई खुपसून बघतो. ती साच्याच्या मध्यावर अडावी. तळापर्यंत गेली तर साचा उचलायचा नाही, खालचं काँक्रीट ढासळेल. फार वर अडली तर काँक्रीट पत्र्याला चिकटतं, साच्याबरोबर ओढलं जातं आणि आडवी चीर पडते. गुरमाळा फिरवून ती दिसेनाशी होते, बुजत नाही.

नाशिकच्या हवेत दोन्ही धोके आहेत. थंडीत पहाटे पारा दहाच्या खाली, एप्रिलच्या दुपारी चाळिशीला. रात्रपाळीने रिटार्डरचा, म्हणजे काँक्रीट उशिरा घट्ट करणाऱ्या रसायनाचा, दुपारचाच डोस चालू ठेवला, की काँक्रीट ओलंच राहून साचा थांबलाच म्हणून समजा.

काँक्रीट गोल फिरत एकाच दिशेने टाकत गेलं, तर साच्याला पीळ बसतो. म्हणून थरागणिक दिशा उलटी करतात. जॅकची पातळी तपासायची पाण्याच्या नळीवर.

(दृश्य : ओळंबा)

टोरांटोचा सीएन टॉवर 553 मीटर उंच, आणि लंबातला फरक अवघा 29 मिलिमीटर. ओळंबा बघायचा सूर्योदयापूर्वी. उन्हाकडची भिंत तापून लांबते, शेंडा सावलीकडे झुकतो. सकाळी दहाचं माप खरं मानून साचा वळवला, तर सरळ टॉवर आपणच वाकडा करतो.