कॉम्प्लिमेंट आणि सेप्सिस: सगळं लक्ष भोकावर, खरं काम सी३बीचं

नमस्कार. सेप्सिसच्या (जंतुसंसर्गाला शरीराने दिलेल्या बेबंद प्रतिसादामुळे अवयव निकामी होण्याच्या) व्हिडिओखाली एकच वाक्य पुन्हापुन्हा येतंय: "कॉम्प्लिमेंट म्हणजे जंतूला भोक पाडणारी प्रथिनं." अर्धवट आहे हे, म्हणून आज एवढंच बोलू.

ओळख झटकन. कॉम्प्लिमेंट म्हणजे रक्तातली, प्रतिकारशक्तीची तिसाहून जास्त प्रथिनं, बरीचशी यकृतात बनणारी. सुरुवात अँटिबॉडीमुळे, जंतूवरच्या शर्करेमुळे किंवा आपोआप. तिन्ही वाटा सी३ या प्रथिनापाशी मिळतात.

इथे नीट लक्ष द्या. सी३ तुटला की मोठा तुकडा, सी३बी, जंतूच्या अंगाला कायमचा चिकटतो. न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी, ही खूण पकडून जंतू गिळतात. न्यूमोकोकससारखा (न्यूमोनिया करणारा) कवचवाला जंतू एरवी सहजासहजी त्यांच्या हाती लागत नाही. भोक पाडणारा संच, सी५बी ते सी९, नंतर येतो. शिवाय न्यूमोकोकस, स्टॅफिलोकोकस यांची भिंत इतकी जाड, की तिथे त्या संचाचं काही चालत नाही.

जन्मजात कमतरता बघा, म्हणजे पटेल. सी३ नसलेल्या मुलांना लहानपणापासून गंभीर जंतुसंसर्ग होत राहतात. सी५ ते सी९ पैकी एखादं नसेल, तर धोका मुख्यतः मेनिंगोकोकसचा, म्हणजे मेंदूज्वर करणाऱ्या जंतूचा.

औषधातही तेच दिसतं. एक्युलिझुमॅब हे काही दुर्मीळ आजारांवरचं औषध सी५ला अडवतं, सी३बीचं काम चालू राहतं. म्हणून पहिल्या डोसच्या किमान २ आठवडे आधी मेनिंगोकोकसची लस देतात. आणि लस घेतलेली असली तरी ताप आला की त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय गाठा!

मग सेप्सिसमध्ये बिघडतं कुठे? सी५ तुटताना सी५ए सुटतो. थोडा असेल तर न्यूट्रोफिलना हाक मारतो. त्याचा पूर आला, की त्याच न्यूट्रोफिलवरचे रिसेप्टर घटतात, जंतू मारायची ताकद मंदावते, केशवाहिन्या झिरपतात, रक्ताच्या गुठळ्या होतात. त्यामुळे "कॉम्प्लिमेंट वाढवायला काय खाऊ?" हा प्रश्नच इथे लागू नाही. सेप्टिक शॉकमध्ये (सेप्सिसमुळे रक्तदाब धोकादायकरीत्या खाली गेल्यावर) पहिल्या तासात अँटिबायोटिक, हेच आधी.

लॅबवाल्यांसाठी दोन गोष्टी. दाह असताना यकृत सी३ जास्त बनवतं, त्यामुळे सी३ नॉर्मल आला म्हणजे तो खर्च होत नाहीये असं समजू नका. आणि सीएच५०चा (एकूण कॉम्प्लिमेंट किती काम करतं ते मोजणाऱ्या चाचणीचा) नमुना टेबलावर पडून राहिला तर आकडा खोटा कमी येतो. सीरम वेगळं करा आणि लगेच उणे ७० अंशांना गोठवा.